निदान डॉक्टरांचे, नोंद तुझी

हिवरा आश्रम,
ता. मेहकर, जि. बुलढाणा

चि. छकुली हिस,


अकोल्याला रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात तू रुजू झालीस, फार समाधान वाटले. फुप्फुसाच्या दाहाच्या आजारांचे कोड टाकताना गोंधळ होतो, असे तू लिहिलेस. माझी सारी नोकरी याच कागदांत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे काम कशासाठी आहे ते पक्के समजून घे. कोणता आजार कुठे किती आहे हे सगळ्या जगाला एकाच भाषेत सांगता यावे, म्हणून आजारांच्या कोडांची ही वर्गवारी आहे. मृत्यूच्या कारणांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडली. तिचीच दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तू अजून दहाव्या आवृत्तीवर काम करतेस, तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो.

आपल्या भागातला शेतकरी डोळ्यांपुढे आण. पावसात भिजलेले सोयाबीनचे कुटार उपसताना बुरशीची धूळ उडते आणि ती श्वासावाटे वायुकोशांपर्यंत जाते. काहींच्या शरीराला ती सोसत नाही. काही तासांत ताप येतो, कोरडा खोकला आणि धाप लागते. दोन दिवस घरी राहिला की बरे वाटते, पुन्हा कुटारात गेला की पुन्हा तेच. असे वर्षानुवर्षे चालले तर फुप्फुस तंतुमय होते आणि मग ते पूर्ववत होत नाही. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कोड जे ६७; त्यातला जे ६७.० खास शेतकऱ्यांचा, जे ६७.१ उसाच्या चिपाडाच्या धुळीचा, जे ६७.२ पक्षी पाळणाऱ्यांचा. कापसाच्या धुळीने होणारा श्वसनमार्गाचा आजार वेगळा, त्याला जे ६६.०. खामगावची कापसाची बाजारपेठ आणि जिनिंग ठाऊक असलेल्या मुलीने तो विसरू नये.

आता समज, असा माणूस वर्षात तीनदा दाखल झाला. तिन्ही वेळा डॉक्टर वेगळे, आणि तिन्ही डिस्चार्ज कार्डांवर नुसता ‘न्यूमोनिया’. तू तीनदा जे १८.९ टाकशील, म्हणजे जंतू न कळलेला न्यूमोनिया. कागदाप्रमाणे ते बरोबरच असेल. पण प्रत्येक डॉक्टरांपुढे त्यांच्या वेळचाच केसपेपर असतो, तिन्ही एकत्र फक्त तुझ्या टेबलावर येतात. ते डॉक्टरांपुढे ठेव आणि विचार की रुग्णाचा धंदा काय, कामावर गेल्यावर त्रास वाढतो का, हे लिहायचे राहिले आहे का? कारण या आजारात उपचाराची पहिली पायरी त्या धुळीपासून दूर होणे हीच आहे. नोंद नसेल तर रुग्ण गोळ्या घेऊन पुन्हा त्याच कुटारात जातो.

उन्हाळ्यात कूलरचेही विचारायला सांग. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंदवही तयार केली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, आणि त्यांच्यातल्या सुमारे निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. विदर्भात घरोघरी कूलर, ताट्या वर्षानुवर्षे न बदललेल्या, टाकीत शिळे पाणी. त्यांवर बुरशी धरते आणि रात्रभर तोंडावर येते. ही नोंदवही होऊ शकली ती नेमके विचारून, नेमके लिहिल्यामुळे.

पण याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. कागदावर नसलेले निदान तू स्वतःच्या मनाने टाकायचे नाही. शेतकरी आहे आणि खोकतो आहे, एवढ्यावरून जे ६७.० होत नाही. नुसती लक्षणे लिहिली असतील तर लक्षणांचाच कोड टाक. खोकल्याला आर ०५ आहे, धापेला आर ०६.० आहे. आरोग्य योजनेच्या दाव्यासाठी कोणी ‘जरा भारी निदान टाका’ म्हणाले, तरी ठाम नकार दे. तो कोड त्या रुग्णाच्या कागदावर कायमचा राहतो.

क्षयाच्या बाबतीत जास्त जप. जंतू सापडून सिद्ध झालेला श्वसनाचा क्षय ए १५, सिद्ध न झालेला ए १६. सार्कॉइडोसिस एक्स-रेवर क्षयासारखा दिसू शकतो, पण त्याचा कोड श्वसनाच्या प्रकरणात सापडणार नाही. फुप्फुसाचा असेल तर डी ८६.०. इथली अदलाबदल म्हणजे एकाला नको ती औषधे आणि दुसऱ्याचे क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ नोंदणीवरून मिळणारे पोषणाचे पैसे बुडणे.

मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ हाती आला की ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. ती प्रत्येक मृत्यूत बंद पडते. वरच्या ओळीत श्वसन निकामी होणे, खाली फुप्फुस तंतुमय होणे, सगळ्यात खाली ते ज्याने झाले तो मूळ आजार, अशी साखळी डॉक्टरांकडून पूर्ण लिहून घे. सरकारी आकडेवारीत गणला जातो तो हाच मूळ आजार.

आपले गाव शुकदास महाराजांच्या रुग्णसेवेने ओळखले जाते. दूरदूरची आजारी माणसे इथे आशेने येताना तू लहानपणापासून पाहिले आहेस. तुझ्या टेबलावरचा केसपेपर अशाच एका माणसाचा आहे. त्याचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवरही टाकू नकोस.

नव्या माणसाला डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो, ते मला ठाऊक आहे. तरी विचार. लेखी, नम्रपणे आणि तारीख घालून विचार. निदान करण्याचा अधिकार त्यांचा आहे. ते नेमके लिहून घेण्याची जबाबदारी तुझी आहे. शंका असताना कोड टाकून मोकळी होऊ नकोस.

तुझा,
मामा