बल्थझार : एका विरळ नावाचा अभ्यास

वाचावे : दानीएल १:१-२१, ४:८, ५:१-१७. मत्तय २:१-१२.

ख्रिस्तजयंतीच्या दिवसांत आमच्या शब्बाथशाळांतून जी नाटुकली होतात, त्यांत तीन मुले डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट घालून आणि आईच्या जरीच्या साड्या अंगाभोवती गुंडाळून येतात. एकाचे नाव गास्पार, दुसऱ्याचे मेल्खियोर व तिसऱ्याचे बल्थझार. तिसऱ्या नावापाशी मुलांची जीभ अडखळते आणि मंडळीत हशा पिकतो. नाताळ सरला की मुकुटांबरोबर हे नावही पेटीत जाते. आमच्या मराठी मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दावीद, शमुवेल, योहान, पौल ही नावे पानोपानी आढळतात. बल्थझार मात्र आमच्या पाहण्यात आलेला नाही.

तरी भोपाळात राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना हे नाव अगदीच परके वाटू नये. त्यांच्या शहराच्या इतिहासात एक बल्थझार होऊन गेला, आणि तो लहानसहान मनुष्य नव्हता. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी हे नाव आले कोठून ते पाहू.

मराठी पवित्र शास्त्रात बल्थझार असे नाव सापडणार नाही, पण त्याचे मूळ तेथेच आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून जे तरुण बाबेलास नेले, त्यांतील चौघांची नावे खोजांच्या सरदाराने बदलली. दानीएलास त्याने बेल्टशस्सर म्हटले. ‘दानीएल’ म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. बेल्टशस्सर हे बाबेली भाषेतील नाव असून ‘त्याच्या जिवाचे रक्षण कर’ किंवा ‘राजाच्या जिवाचे रक्षण कर’ असा त्याचा अर्थ विद्वान करतात. ही प्रार्थना कोणाला? राजा स्वतःच चौथ्या अध्यायात सांगतो की, हे नाव माझ्या दैवताच्या नावावरून आहे. म्हणजे इस्राएलाच्या देवाचे नाव ज्याच्या नावात होते, त्या मुलाला रोज मूर्तिपूजकांच्या प्रार्थनेने हाक मारली जाऊ लागली. हनन्या, मीशाएल व अजऱ्या यांची गतही तीच झाली. त्यांना आपण आजही शद्रख, मेशख, अबेद्नगो असेच ओळखतो, आणि ही नावे बंदिवासात लादलेली आहेत हे विसरून जातो.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. दानीएलाने नाव बदलल्याबद्दल तक्रार केल्याचे शास्त्रात कोठेही नाही. राजाच्या ताटातले अन्न मात्र त्याने घेतले नाही. दहा दिवस शाकभाजी व पाणी यांवर आमची परीक्षा पाहा, असे तो म्हणाला. लोकांनी काय म्हणून हाक मारावी हे त्याच्या हाती नव्हते; काय खावे व कोणापुढे गुडघे टेकावे हे होते. ग्रंथ लिहिणारा मात्र त्याला बहुतेक ठिकाणी दानीएल असेच म्हणतो.

पाचव्या अध्यायात आणखी एक मौज आहे. तेथील राजाचे नाव बेलशस्सर, म्हणजे ‘हे बेला, राजाचे रक्षण कर’. जवळजवळ एकाच नावाचे दोन पुरुष त्या रात्री समोरासमोर उभे राहिले. एक मंदिराच्या पात्रांतून मद्य पिणारा, दुसरा भिंतीवरचे लेख वाचून दाखवणारा. या राजाचे नाव इतर इतिहासात मिळत नाही, म्हणून ही कथा कल्पित असावी असे एके काळी काही टीकाकार म्हणत. पुढे १८५४ साली ऊर येथील उत्खननात नबोनिदस राजाचे मातीचे लेख सापडले व त्यांत बेलशस्सर हा त्याचा ज्येष्ठ पुत्र असल्याचे आढळले. बाबेल पडले ते ख्रिस्तपूर्व ५३९ साली.

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी बेल्टशस्सर व बेलशस्सर या दोहोंसाठी ‘बाल्तसार’ असा एकच उच्चार लिहिला आणि लॅटिन शास्त्रातही तोच घोटाळा राहिला. अशा रीतीने संदेष्ट्याचे व उन्मत्त राजाचे नाव एक झाले. युरोपात द्राक्षारसाच्या १२ लिटरच्या प्रचंड बाटलीला बल्थझार म्हणतात; ती आठवण अर्थात राजाची आहे, संदेष्ट्याची नव्हे.

आता मागी लोकांविषयी. मत्तयाने त्यांची नावे दिलेली नाहीत, त्यांची संख्याही दिलेली नाही, व त्यांना राजे म्हटलेले नाही. सोने, ऊद व गंधरस अशी तीन दाने, म्हणून आणणारेही तीन, असा लोकांनी हिशेब केला. नावे आली ती ख्रिस्तानंतर सुमारे पाचशे वर्षांनी. इटलीतील राव्हेन्ना येथे सहाव्या शतकातील एका मंदिराच्या भिंतीवर रंगीत खड्यांचे चित्र आहे. त्यात पूर्वेकडील वेषातल्या तिघांच्या डोक्यांवर ही तिन्ही नावे लिहिलेली आहेत. ११६४ साली या तिघांच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी मिलानहून जर्मनीतील कोलोन शहरी नेण्यात आल्या. तेथे यात्रेकरूंची रीघ लागली आणि जर्मन व स्विस घरांतून मुलांना ही नावे ठेवण्याची चाल पडली. मुलांना हे जरूर सांगावे की नावे परंपरेची आहेत, शास्त्राची नाहीत. त्यासाठी नाटुकले बंद करण्याचे कारण नाही.

सुधारणेच्या काळात बाल्थझार हुबमायर नावाचा एक पुढारी होता. समजत्या वयातच बाप्तिस्मा द्यावा या मतापायी त्याला १५२८ साली व्हिएन्ना येथे जाळण्यात आले. स्पेनमध्ये हे नाव बाल्तासार या रूपात अजून टिकून आहे. इंग्रजांत मात्र ते फारसे रुजले नाही, आणि आम्हांकडे मिशनरींबरोबर जी नावे आली त्यांत ते आले नाही ते बहुधा यामुळेच. शेक्सपिअरने ते चार नाटकांत वापरले आहे. ‘व्हेनिसचा व्यापारी’ यात पोर्शिया वकिलाच्या वेषात येते तेव्हा ती बल्थझार हे नाव घेते, आणि शायलॉक तिला दानीएलाची उपमा देतो! ज्याने दानीएलाचा पहिला अध्याय वाचला आहे त्यालाच यातील गंमत कळावी.

मूर्तिपूजेतून आलेले नाव ख्रिस्ती मुलास ठेवावे काय, असा प्रश्न पालक पाळकांना विचारतात. कधी घरात त्यावरून आजी-आजोबांचा रुसवाही होतो. आम्हांस वाटते, नव्या कराराने या प्रश्नाचा निकाल न बोलता लावलेला आहे. एपफ्रदीत हे नाव आफ्रोदीती देवीवरून आले, अपुल्लोस हे अपोलो दैवतावरून. पौलाने दोघांपैकी कोणाचेही नाव बदलले नाही. मार्टिन हे नाव रोमी युद्धदेव मार्स याच्यावरून आलेले आहे, आणि ते आपण बिनदिक्कत ठेवतो. आपल्याकडे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नहेम्या झाले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले व नारायण वामनच राहिले. दोघांच्याही विश्वासाविषयी कोणी शंका घेतली नाही. जे कुटुंब देशी नाव ठेवते त्याला कमी लेखू नये, व जे शास्त्रातले ठेवते त्याला इंग्रजाळलेले म्हणू नये.

भोपाळच्या बल्थझाराने दोन्ही नावे बाळगली. बूर्बन घराणे आपले मूळ फ्रान्सच्या राजवंशात सांगते, आणि आपला पूर्वज अकबराच्या दरबारी आला अशी त्याची परंपरा आहे. फ्रेंच राजवंशाशी नाते सिद्ध झालेले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे घराणे भोपाळ संस्थानाच्या सेवेत आले. १८१२-१३ साली भोपाळला जो वेढा पडला तो शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमचे पूर्वज त्या वेळी तटाबाहेर होते. बल्थझार बूर्बन हा संस्थानाचा मंत्री झाला. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला त्यात भोपाळच्या वतीने तो होता, आणि १८१९ नंतर तरुण कुदसिया बेगमेच्या कारभारात तो प्रमुखांपैकी एक होता. सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे.

दरबारात मात्र त्याला बल्थझार कोणी म्हणत नसे. तेथे तो शाहजाद मसीह. शाहजाद म्हणजे राजपुत्र, मसीह म्हणजे ख्रिस्त. मुसलमान नवाबांच्या राज्यात, मुसलमान दरबाऱ्यांच्या तोंडून, रोज त्याला ख्रिस्ताच्या नावाने हाक मारली जाई. बाबेलच्या दरबारात दानीएलाच्या बाबतीत घडले त्याच्या हे नेमके उलट. घराणे रोमन मंडळीचे. जहांगीराबादेतील त्या मंडळीचे मोठे उपासनामंदिर उभे राहिले ते याच घराण्याच्या औदार्यामुळे.

२००७ साली ग्रीसचे प्रिन्स मायकेल यांनी या घराण्यावर कादंबरी लिहिली, तेव्हा देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत भोपाळच्या बूर्बन मंडळींची हकीकत छापून आली, आणि बल्थझार हे नाव त्या घरात अद्याप चालू असल्याचे सर्वांना कळले. भोपाळच्या कोणा मराठी आईबापांना ते आवडलेच, तर पाळकांनी आडकाठी करू नये. फक्त ‘झ’ लिहायचा की ‘ज’, हे शाळेत नाव घालण्यापूर्वी घरात ठरवून घ्यावे.