राज्याचे गुण आणि आपली शाळा

प्रश्न : केंद्राच्या शालेय शिक्षणाच्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते. मग मुलीची जिल्हा परिषद शाळा चांगलीच समजायची ना?
– एक पालक, सातारा

उत्तर : ताई, ते गुण राज्याच्या व्यवस्थेचे आहेत, एकेका शाळेचे नाहीत. त्या वर्षीच्या रचनेत प्रशासनाला ३६० गुण होते, अध्ययन निष्पत्तींना, म्हणजे मुले काय शिकली याला, अवघे १८०. तेही नमुना सर्वेक्षणावरून. पण म्हणून निर्देशांक निरुपयोगी ठरत नाही. सरकार कुठे कमी पडते, हे त्यातून दिसते. तुमच्या शाळेसाठी मात्र शाळा व्यवस्थापन समितीकडे विकास आराखडा मागा. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. शाळेला ‘शाळा सिद्धी’ या शाळा-मूल्यमापन उपक्रमात श्रेणी मिळाली असेल, तर ती स्वयंमूल्यमापनाची की बाह्य मूल्यमापनाची, हे विचारा. श्रेणी कमी दिसली, तरी घाबरून शाळा बदलू नका. मुलीला अनोळखी उतारा वाचायला देऊन काय समजले, ते आधी ऐका.