साठवलेली हळद: पोतं सोडून बघा



भाव वाढेल म्हणून हळद ठेवली असेल, तर दर १५ दिवसांनी पोतं सोडून बघा. हळकुंडाला बारीक गोल भोकं, तळाला पिवळी भुकटी दिसली म्हणजे भुंगेरा लागला. २-३ मिमीचा हा तांबूस किडा तंबाखू आणि सिगारही पोखरतो. अळी आतून खाते. भोक दिसतं तोवर भुंगेरा बाहेर पडून पुढच्या पोत्याकडे निघालेला असतो.

१) हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला तरच भरा. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा.
२) स्वच्छ, कोरडी पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.
३) कीड लागलेलं पोतं त्याच दिवशी वेगळं काढा.
४) हळदीत कीडनाशक पावडर मिसळू नका. राहत्या घरात धुरीच्या गोळ्या ठेवू नका, तो वायू जीव घेतो. धुरी प्रशिक्षित परवानाधारकाकडूनच करून घ्या.