मानवाच्या निर्मितीस प्रयोजन आहे काय?

कुंभार घट घडवितो तो पाणी भरण्यासाठी. सुतार पाट घडवितो तो बसण्यासाठी. मग ईश्वराने मानव घडविला तो कशासाठी? वादसभांतून वारंवार पुढे येणाऱ्या या प्रश्नाचा आपण येथे थोडक्यात विचार करू.

प्रथम 'प्रयोजन आहे' असे मानणाऱ्यांचे म्हणणे पाहू. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली याने १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घड्याळाचा दृष्टांत दिला आहे. माळावर पडलेले घड्याळ पाहून ते कोणी तरी हेतुपूर्वक घडविले असले पाहिजे, असे आपण मानतो. तद्वत नेत्राची रचना पाहून योजकाचे अस्तित्व मानावे, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु १८५९ साली चार्ल्स डार्विन याने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत विस्ताराने मांडला. अशी रचना असंख्य पिढ्यांतील लहान लहान बदलांतूनही सिद्ध होऊ शकते, असे त्याने प्रतिपादन केले. यावरून ईश्वर नाही असे ठरत नाही. केवळ रचनेवरून हेतू सिद्ध होत नाही, एवढेच ठरते.

आपल्या देशात हा वाद फार पुरातन आहे. प्रयोजन म्हटले की काही तरी उणे भरून काढणे आले. मग परिपूर्ण ईश्वरास उणे ते काय? ही शंका ब्रह्मसूत्रांतच उपस्थित केली असून, सृष्टी ही केवळ लीला होय, असे तिचे समाधान तेथे केले आहे. मीमांसक कुमारिल भट्टांस मात्र ते पटले नाही. पूर्णकामास क्रीडेची तरी गरज का भासावी, असे त्यांनी विचारले. करुणेने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणेस पात्र असा जीवच कोठे होता, हाही त्यांचाच प्रश्न.

या वादाचा निर्णय तर्काने लागेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्यात एक धोका आहे, तो ओळखला पाहिजे. 'तुझा जन्म अमुक कामासाठीच आहे,' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा सांगणारा ईश्वर नसतो, मनुष्य असतो. काही माणसे स्वभावतःच दास असतात, असे ॲरिस्टॉटलसारख्या थोर तत्त्वज्ञानेही लिहून ठेविले. आपल्याकडेही जन्मावरून काम ठरवून कित्येकांस विद्येपासून दूर ठेविले गेले आणि मुलींस चूल दाखविली गेली. उलट, मनुष्यास कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली सांगितले. हाच विचार आम्हांस ग्राह्य वाटतो.

घट कुंभारास 'मला का घडविलेस?' असे विचारीत नाही, मनुष्य विचारतो. भाविकाने आपले प्रयोजन भक्तीत शोधावे, दुसऱ्याने ज्ञानात वा सेवेत शोधावे. विद्यार्थिमित्रांनो, सभेत कोणताही पक्ष घ्या. परंतु दुसऱ्याच्या जीवनाचे प्रयोजन ठरविण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे घेऊ नका.