पॉवर वीडरच्या चाकाजवळचं हट्टी ऑइल सील काढायची कृती

चाकाच्या मागून गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय, सील बदलायचंय आणि जुनं सील तर जागचं हलत नाहीये. घाबरू नका, शाफ्ट न काढताही ते निघतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच: सील फाटलं तरी चालेल, पण शाफ्टला आणि हाउसिंगला ओरखडा पडता कामा नये. म्हणून तो मोठा स्क्रू-ड्रायव्हर आधी बाजूला ठेवा बघू.

हाताशी घ्या: ड्रिल, २.५ मिमीचं बिट, ३.५ मिमीचे दोन पत्र्याचे स्क्रू, पक्कड, लाकडाची चपटी पट्टी, सेंटर पंच, गंज सोडवायचा स्प्रे, ग्रीस, चिमटा, लोहचुंबक, ६०० नंबरचा पॉलिश पेपर.

१. इंजिन बंद करून प्लगची कॅप काढा. चाक फिरवताना इंजिन चालू होता कामा नये.

२. पेट्रोलचा कॉक बंद करा.

३. गिअरबॉक्समधलं ऑइल पसरट भांड्यात काढून घ्या. कोमट असेल तर भराभर उतरतं. गरम असेल तर थांबा, हात भाजेल.

४. लॉकपिन काढून चाक उतरवा.

५. शाफ्टला गुंडाळलेलं गवत आणि सुतळी कापून काढा. सील बहुतेक वेळा यानंच खाल्लेलं असतं. ब्लेड शाफ्टवर घासू नका.

६. डिझेल आणि ब्रशनं सीलचा चेहरा लख्ख करा. इथली माती आत गेली तर बेअरिंगची वाट लागते.

७. सीलवरचा नंबर लिहून घ्या. २५-४०-७ असेल तर शाफ्ट २५ मिमी, हाउसिंगचं भोक ४० मिमी आणि सीलची जाडी ७ मिमी. हे आत्ताच करा. सील फाटल्यावर नंबर वाचता येत नाही.

८. सील कडेपासून किती आत बसलंय ते मोजा. नवं तेवढ्याच खोलीवर बसवायचंय.

९. सर्क्लिप असेल तर काढा. ती उडते, चष्मा लावा.

१०. सीलच्या बाहेरच्या कडेला गोलाकार स्प्रे मारा आणि पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या. घाई केलीत तर स्प्रे मुरतच नाही.

११. शाफ्ट आणि हाउसिंग यांच्या बरोबर मध्ये, सीलच्या चेहऱ्यावर पंचनं खूण करा. खूण शाफ्टकडे सरकली तर बिट शाफ्टला लागेल.

१२. बिटच्या टोकापासून ३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा. पट्टीच्या पुढे बिट जाऊ द्यायचं नाही, मागे बेअरिंग आहे.

१३. बिटला ग्रीस फासा. कीस त्याला चिकटतो, आत पडत नाही.

१४. हळू वेगानं भोक पाडा. रबराखालचा पत्रा संपला की हाताला एकदम हलकं लागतं, तिथेच थांबा.

१५. बरोबर समोरच्या बाजूला तसंच दुसरं भोक पाडा.

१६. दोन्ही भोकांत स्क्रू फिरवा, पत्र्याला पकडतील इतकेच. पूर्ण घट्ट केलेत तर टोक बेअरिंगला भिडेल.

१७. हाउसिंगवर लाकडी पट्टी ठेवा. पक्कड थेट ॲल्युमिनियमवर टेकवलीत तर खड्डा पडतो.

१८. स्क्रूचं डोकं पकडीत धरून पट्टीच्या आधारानं थोडंसं उचला, मग दुसरा स्क्रू, मग पुन्हा पहिला. एकाच बाजूनं ओढलंत तर सील तिरकं होऊन अडकतं. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटेल. मग ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. आलं! तसंच आलटून पालटून चालू ठेवा.

१९. आवाजच येत नसेल तर हाउसिंगला बाहेरून हेअर ड्रायरनं तापवा आणि १८वी पायरी पुन्हा करा. ॲल्युमिनियम सीलच्या लोखंडी पत्र्यापेक्षा जास्त फुगतं, पकड ढिली होते. ब्लो टॉर्च नको म्हणजे नकोच: जवळ पेट्रोल आहे.

२०. स्क्रू उपटून आला तर शेजारी नवं भोक पाडा. जुन्याच भोकात जाड स्क्रू ठोकू नका.

२१. बाहेर आलेल्या सीलमध्ये बारीक गोल स्प्रिंग आहे का बघा. नसेल तर ती आत राहिलीय. चिमट्यानं काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२२. आतला कीस लोहचुंबकानं उचला.

२३. शाफ्टवर सील घासत होतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. शाफ्ट लेथवाल्याला दाखवा, नाहीतर नवं सीलही गळेल.

२४. नुसता गंज असेल तर पॉलिश पेपरनं गोल गोल घासा. उभं, शाफ्टच्या लांबीत घासलंत तर त्या रेघांमधून ऑइल बाहेर येतं.

२५. नवं सील येईपर्यंत स्वच्छ फडकं शाफ्टभोवती गुंडाळून ठेवा. एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे ते आत राहून जाणार नाही.