वर्तुळातला तांबडा

पुण्यात १९९८ च्या डिसेंबरमध्ये माझ्या विमानचित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. दाराजवळच्या भिंतीवर सगळ्यात मोठं तैलचित्र होतं: इंफाळच्या खोऱ्यावरून झेपावणारं हॉकर हरिकेन, एप्रिल १९४४. अर्जन सिंग यांच्या पहिल्या स्क्वाड्रनचं विमान म्हणून मी ते रंगवलं होतं आणि खाली तशी पट्टीही लावली होती. चार महिने खपलो होतो त्याच्यावर. त्याच्या दोनशे प्रती छापून घेतल्या होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्या दोन दिवसांतच गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. पांढरी टोपी, हातात काठी, सोबत नातू. सातारा जिल्ह्यातले. महायुद्धात हवाईदलात रिगर होते, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि त्यावरचं आवरण सांभाळणारे. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग पंखावरच्या गोल चिन्हाच्या मध्यावर बोट टेकवून म्हणाले, "पोरा, हा तांबडा कशापायी ठेवलास? आम्ही तर आमच्या हातानं बुजवला होता."

मला काही कळेना. ब्रिटिश वर्तुळ म्हणजे बाहेर निळं, मग पांढरं, मध्ये लाल, हे कुणालाही ठाऊक असतं. आजोबांनी खुर्ची मागून घेतली आणि बसून सांगितलं. जपानी विमानावर लाल गोळा. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारं विमान खालच्या तोफवाल्याला दोन-तीन सेकंद दिसणार. तेवढ्यात लाल डोळ्यांत भरला की तो गोळी झाडणार, मग विमान आपलं का असेना. म्हणून १९४३ मध्ये या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल काढून टाकायचा हुकूम आला. गडद निळ्याच्या आत फिकट निळा, एवढंच चिन्ह उरलं. "ब्रश होता ह्या हातात," ते म्हणाले आणि उजवा पंजा उघडून दाखवला.

उठताना त्यांचं लक्ष विमानाच्या मागच्या भागाकडे गेलं. मी तिथे मोठ्या हौसेनं रिव्हेटच्या ओळी काढल्या होत्या. "तिथं पत्रा कुठाय? कापड असतंय," ते म्हणाले. वैमानिकाच्या मागचा हरिकेनचा सगळा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा. त्यावर डोप नावाचं रोगण चढवलं की कापड आवळतं. रिगर बोटानं टिचकी मारून ते नीट ताणलंय का बघायचा. "हलगीसारखं वाजायला पाहिजे." त्यांनी हवेतच दोन टिचक्या मारल्या.

तिसरी चूक नंतर मलाच सापडली. विमान मी राखाडी आणि हिरव्या पट्ट्यांत रंगवलं होतं, कारण माझ्यासमोरचं रंगीत छायाचित्र इंग्लंडमध्ये आजही उडणाऱ्या एका जीर्णोद्धारित हरिकेनचं होतं. ती रंगसंगती १९४१ च्या ऑगस्टपासून युरोपातल्या लढाऊ विमानांसाठी आली. आपल्याकडची हरिकेनं वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवी असत, पोटाकडून राखाडी. म्हणजे इंफाळच्या आकाशात मी इंग्लंडचं विमान उडवलं होतं.

मूळ चित्र मी भिंतीवरून उतरवलं. विकलेल्या प्रती कुठून परत आणणार? कुणी काय नेलं याची नोंदही नव्हती. सहा वर्षांनी एका समारंभाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हरिकेन दिसलं. चित्रकार दुसराच, तरुण मुलगा. वर्तुळात लाल, मागच्या भागावर रिव्हेट, पंखावर राखाडी. मी फोन केला. तो आदरानं म्हणाला, "सर, संदर्भ तुमच्याच चित्राचा घेतलाय."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. जुन्या लढाऊ विमानाचं चित्र काढणाऱ्यानं हे पक्कं लक्षात ठेवायला हवं की लोक आपल्या चित्राला पुरावा मानतात. फुलदाणी रंगवताना चुकलो तर चित्र कमी पडतं. इथे चुकलो तर पुढचा माणूस तीच चूक खरी धरून चालतो. म्हणून या वाटेला येणाऱ्यांसाठी, पंचवीस वर्षांत जे शिकलो ते लिहितो आहे.

'हरिकेन' रंगवायला बसू नका. एका दिवसाचं, एका ठिकाणचं, एक विमान रंगवायला बसा. तारीख ठरली की निम्मे प्रश्न सुटतात, कारण चिन्हं तारखेप्रमाणे बदलत गेली. १९४३ पर्यंत लाल, मग दोन निळे, आणि १९४५ च्या सुरुवातीला पंखांवर व शेपटीवर ओळखीचे रुंद पांढरे पट्टे. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचं चिन्ह होतं. आज आपण ओळखतो ते केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ १९५० चं, प्रजासत्ताक झाल्यावरचं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख रेजिमेंटचे जवान उतरवणाऱ्या डकोटावर तिरंगी वर्तुळ काढलेली चित्रं मी पाहिली आहेत. भावना चांगली आहे, पण चित्र खोटं आहे. पुढच्या काळातही हेच. १९६५ च्या युद्धात मिग-२१ उघड्या चकचकीत धातूचं होतं. १९७१ मध्ये त्यावर हिरवा कॅमोफ्लाज आला आणि तोही स्क्वाड्रनागणिक वेगळा. एका स्क्वाड्रनचा फोटो बघून दुसरीचं विमान रंगवलं की फसलात.

कृष्णधवल फोटो वाचायला शिका, नुसते बघू नका. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरत. तिला लाल दिसत नाही, त्यामुळे लाल जवळजवळ काळा उमटतो, पिवळा गडद होतो आणि निळा फिका पडतो. गडद कडं बघून मी एकदा काळा लावला होता, तो खरा पिवळा निघाला. दुसरा धोका उलट्या छापलेल्या निगेटिव्हचा. विमानावर अक्षरं असतील तर ते लगेच कळतं, नसतील तर विमानाच्या अंगावरची खूण शोधावी लागते. स्पिटफायरमध्ये चढायचं छोटं दार डाव्या अंगाला असतं. ते उजवीकडे दिसलं की फोटो उलटा आहे हे नक्की. पंख्याचंही तसंच. मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा उलटा. पात्यांचा पीळ त्याप्रमाणे काढावा लागतो.

संग्रहालयात जरूर जा, पुन्हा पुन्हा जा. दिल्लीला पालमचं हवाईदलाचं संग्रहालय आहे, गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं आहे. गोव्यात मी सी हॉकसमोर तीन दिवस चौपाटीवरची घडीची खुर्ची टाकून बसलो होतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणारं हे विमान. त्याचं इंजिन एकच, पण धुराडं शेपटीत नाही. नळी दुभंगते आणि पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर पडते. ती वळणं, पंख दुमडण्याचा सांधा, पोटाखालचा हूक हे सगळं फोटोवरून कधीच हाताला बसलं नसतं. पण तिथून रंग मात्र उचलू नका. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात उभ्या असलेल्या यंत्राला वरचेवर नवा रंग द्यावाच लागतो. सांभाळणाऱ्यांचं ते कामच आहे. आकार संग्रहालयातून घ्या, रंग त्या काळच्या फोटोंतून आणि कागदांतून.

ब्रिटिश रंगांना क्रमांक आहेत. डार्क अर्थ ४५०, डार्क ग्रीन ६४१, मीडियम सी ग्रे ६३७. त्यांचे नमुने मिळतात. पण नमुन्याचा रंग जसाच्या तसा कॅनव्हासवर थापला तर विमान जड आणि काळपट दिसतं. दोनशे मीटरवरच्या विमानाच्या आणि आपल्या मध्ये हवा असते. ती प्रत्येक रंगात थोडं पांढरं आणि निळं मिसळते. मी नमुना खिडकीत उन्हात ठेवतो, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो आणि तिथे जो दिसतो तो मिसळतो.

विमान उडतं कसं हेही समजून घ्या. डावीकडे कलायला सुरुवात करताना डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप, वर जातो, उजवा खाली. एकदा वळण स्थिर झालं की दोन्ही जवळजवळ सरळ होतात. हे उलटं काढलेलं चित्र वैमानिकाला पहिल्या नजरेत खटकतं, आणि मग तो बाकीचं चित्र बघतच नाही.

आजोबा गेल्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक चित्राला दोन पानं, पानावर तीन रकाने: 'पाहिलं', 'ऐकलं', 'अंदाज'. विमानाचा प्रत्येक भाग यातल्या एका रकान्यात जातो. 'अंदाज' भरत चालला की मी चित्राची मांडणीच बदलतो. शेपटीवरचा क्रमांक माहीत नसेल तर विमान असं वळवतो की तो दिसूच नये. उजवी बाजू ठाऊक नसेल तर डावी दाखवतो. खोटा क्रमांक घालण्यापेक्षा ढगाची सावली टाकलेली बरी. यात लपवाछपवी नाही. आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच आपण बोललो, इतकाच त्याचा अर्थ.

ब्रिटिश काळातल्या स्क्वाड्रनांच्या रोजनिशा, फॉर्म ५४० आणि ५४१, लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. कोणत्या तारखेला कोण, कोणत्या क्रमांकाचं विमान घेऊन, किती वाजता उडालं हे त्यात सापडतं. पण त्यात रंग नसतो. रंग असतो घरोघरच्या ट्रंकांमध्ये.

आजोबांनी नंतर मला गावी बोलावलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक फोटो काढला. हाताच्या पंजाएवढासुद्धा नव्हता, कडा नागमोडी कातरलेल्या. चार पोरं चड्डी-बनियनवर हरिकेनच्या पंखाखाली बसलेली. मागे अर्धं वर्तुळ दिसत होतं, आतला ठिपका फिका. कापडाखालच्या पट्ट्यांच्या रेघा फासळ्यांसारख्या उमटलेल्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं मोडीत दोन ओळी: जागा, महिना, चौघांची नावं. त्या दोन ओळींवरून मी दुसरं हरिकेन रंगवलं. आजोबांनी ते पाहिलं, वर्तुळावर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

त्यानंतर एका कुटुंबानं मला त्यांच्या वडिलांच्या विमानाचं चित्र मागितलं. वडील टेम्पेस्ट या लढाऊ विमानावर होते. लॉगबुक कुठे आहे विचारलं, तर घर बदलताना रद्दीत गेलेलं. फोटो दोन होते, दोन्ही लग्नातले. मी ते काम घेतलं नाही. त्यांना वाईट वाटलं, मलाही. पण कोणतं तरी टेम्पेस्ट काढून त्याखाली त्यांच्या वडिलांचं नाव लिहिणं मला जमलं नसतं.

तुमच्या घरी कुणी हवाईदलात, नौदलात, अगदी विमानाच्या कारखान्यात असेल, तर पेट्या उघडून बघा. लॉगबुक रद्दीत घालू नका. फोटोत कोण आहेत ते सांगणारं माणूस हयात असेल तोवर विचारून घ्या आणि मागे पेन्सिलीनं लिहा. बॉलपेननं नको, शाई फुटते. आणि १९९८ च्या त्या दोनशे प्रतींपैकी एखादी तुमच्या भिंतीवर असेल, तर ती उतरवून तिच्याही मागे पेन्सिलीनं एवढंच लिहून ठेवा: वर्तुळातला लाल चुकीचा आहे.