सुईसारखी पानं, म्हणून पाइन?

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या बागेत सुईसारख्या पानांचं, लहान शंकू धरणारं उंच झाड आहे. हा देशी पाइन का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वर्णनावरून ते सुरूचं झाड वाटतं. एक हिरवी ‘सुई’ हलकेच ओढून पाहा. पेरापेराशी सुटली, तर सुरूच. ती पान नसून बारीक डहाळी असते. खरी पानं प्रत्येक पेराभोवती ६ ते ८ इवल्या खवल्यांसारखी असतात. भिंगातून जरूर बघा, फार देखणी रचना आहे! सुरू सपुष्प वृक्ष आहे, पाइनचा जवळचा नातलगही नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पुरवतात, म्हणून कोकणातल्या पुळणींवरही त्याची बनं तगतात.

महाराष्ट्रात पाइन निसर्गतः उगवत नाही. देशी चीर पाइनचं घर हिमालयाच्या उतारांवर, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर. त्याच्या लांब सुया तीन-तीनच्या जुडग्यांत असतात. आणखी उंचावरच्या निळ्या पाइनच्या पाच-पाचच्या. सुरूला अशी जुडगी नसतात.

तरीही शंका उरली, तर खाली पडलेला शंकू आणि एक डहाळी पाठवा.